कढीपत्त्यावरचं नवल

या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कढीपत्त्याची एक फांदी आहे आणि तिच्या एका पानावर पाखराची शीट पडलेली आहे. काळपट तपकिरी रंग, मध्ये पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. मजकूर एका ओळीचाही नाही. मुलांच्या पुस्तकाची सुरुवात अशी का, असा प्रश्न ते विकत घेणाऱ्या मोठ्या माणसाला पडणारच, कारण पहिल्या पानावर हसरा सूर्य असावा, इंद्रधनुष्य असावं, गेला बाजार एखादा ससा तरी असावा, अशी आपली सवय आहे. पान उलटलं की शीट जरा पुढे सरकलेली दिसते आणि कढीपत्त्याची कड कुरतडलेली. तिसऱ्या पानावर चित्रकर्ती आणखी जवळ जाते, आणि शिटेला पाय आहेत हे कळतं. कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू आपल्याकडे परसात, गच्चीत, अगदी बाल्कनीतल्या कुंड्यांवरही दिसतं. त्याची अळी लहान असताना हुबेहूब अशी दिसते, कारण शीट खायला कुठलाही पक्षी येत नाही. पुढच्या पानांवर ती एकामागून एक कात टाकते, मग एका कातीनंतर एकाएकी हिरवीगार होते, कुणी डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढून उग्र वास सोडते, कोषात जाते आणि शेवटी काळ्या पंखांचं फुलपाखरू होऊन बाहेर पडते. गोष्ट एवढीच. अळी यात कुणाशी बोलत नाही आणि शेवटी कुणाला काही शिकवतही नाही.

मुलांना प्रस्तावना लागत नाही; ती पानं उलटत थेट चित्रांकडे जातात. हे चार शब्द आहेत ते पुस्तक वाचून दाखवणाऱ्यांसाठी, कारण अशा पुस्तकाबद्दल त्यांच्याच मनात शंका असतात. सगळ्यात मोठी शंका अशी, की निसर्गातलं नवल दाखवायचं तर इतका काटेकोरपणा कशाला? नवल म्हणजे न कळण्याची गंमत. एकदा कळलं की गंमत गेली. मराठीत या भावनेला शब्दांची ददात नाही. अप्रूप दुर्मिळ गोष्टीचं वाटतं, अचंबा क्षणभर टिकतो, नवल मात्र रोजच्या गोष्टीचंही वाटू शकतं, फक्त ती एकदा नव्याने दिसावी लागते. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे आणि तो कशामुळे जागा होतो याच्या यादीत दिव्य जनांचं दर्शन, विमान, माया, इंद्रजाल यांच्याबरोबर उपवनात जाणंही मोजलं आहे. आपल्या बालवाङ्मयाने त्यातली माया आणि इंद्रजाल तेवढं उचललं, आणि उपवन शाळेतल्या परिसर अभ्यासाच्या स्वाधीन केलं. तेव्हापासून अद्भुत एका कपाटात आणि माहिती दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी पक्की झाली आहे. ही वाटणीच मुळात खोटी आहे, असं माझं म्हणणं आहे. निसर्गाच्या बाबतीत नवल वाटतं ते नेमकं पाहिल्यामुळे; जिथे चित्र किंवा मजकूर ढिला पडतो तिथे नवलही ढिलं पडतं. पहिल्या तीन पानांत मुलाचे डोळे विस्फारतात, ते शीट शिटेसारखीच काढली आहे म्हणून. तिला दोन गोड डोळे आणि हसू काढलं असतं तर तिसऱ्या पानाची गरजच उरली नसती.

या म्हणण्याला इतिहासातला उत्तम दाखला म्हणजे मारिया सिबिला मेरियन. १६४७ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मलेली ही मुलगी तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळू लागली आणि पुढे हाती लागेल ती अळी घरी आणून, तिला तिचाच पाला खाऊ घालून, दिवसेंदिवस तिची चित्रं काढत राहिली. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात असं शिकलीसवरलेली माणसंही मानत. फ्रान्चेस्को रेदीने झाकलेल्या आणि उघड्या मांसाचा प्रयोग करून माश्यांच्या बाबतीत हा समज खोडला तो १६६८ साली. १६७९ मध्ये मेरियनचं अळ्यांवरचं पहिलं पुस्तक निघालं. त्यात ५० चित्रं होती, आणि प्रत्येक चित्रात तिने अशी गोष्ट केली जी आज आपल्याला अगदी साधी वाटते: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू किंवा पतंग, आणि त्या अळीचं खाद्य असलेलं झाड, हे सगळं एकाच चौकटीत. काही आठवड्यांचा काळ एका कागदावर मावला. तोवरच्या बहुतेक चित्रकारांनी फुलपाखरू टाचणीला टोचलेलं काढलं होतं किंवा फुलदाणीतल्या गुच्छाला शोभा म्हणून चिकटवलं होतं. ते कुठून आलं आणि कशावर वाढलं हे चित्रातच सांगण्याची ही रीत नवी होती. आज जगात कुठेही निघणारं अळी-फुलपाखराचं चित्रपुस्तक, तुमच्या हातातलं हेही, तिच्या त्या चौकटीचं देणं लागतं. आणि त्या काटेकोर जर्मन पुस्तकाच्या नावात तिने कोणतं विशेषण घातलं होतं? अळ्यांचं ‘नवलपूर्ण’ रूपांतर. तिच्या लेखी नवल आणि निरीक्षण हे दोन वेगळे विषय नव्हतेच.

मेरियन चुकली नाही असं नाही. १६९९ साली ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली, दोन वर्षांनी परतली आणि १७०५ साली तिथल्या कीटकांचा भव्य चित्रग्रंथ काढला. तिथलं कितीतरी ज्ञान तिला स्थानिक आदिवासींकडून आणि मळ्यांवर गुलामीत राबणाऱ्या माणसांकडून मिळालं होतं, हे तिने स्वतःच नोंदवलं आहे; त्यांची नावं मात्र पुस्तकात नाहीत. कंदिलकिडा म्हणून ओळखला जाणारा एक कीटक रात्री उजेड देतो, असं तिने लिहिलं, ते खोटं ठरलं. पण दुसरीकडे, पक्ष्याला खाणारा भलामोठा कोळी तिने काढला म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी तिची थट्टा केली, बाईमाणसाची कल्पना म्हणून तिचं काम बाजूला सारलं, आणि नंतर हेन्री बेट्स या निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी पक्ष्यासह प्रत्यक्ष पाहिला. जे सगळ्यात अविश्वसनीय वाटलं ते खरं निघालं. चूक नेमक्या चित्रातच सापडते, आणि सापडते म्हणून दुरुस्त होते. ढोबळ चित्रात चूक ठरवायलाही काही नसतं.

आता कळलं की गंमत जाते या समजाकडे वळू. कोष हे त्याचं चांगलं परीक्षास्थान आहे, कारण लहानपणी आपल्या सगळ्यांना तिथे ‘मग जादू होते’ असंच सांगितलं गेलेलं असतं. आत खरोखर काय होतं? अळीच्या शरीराचा बराचसा भाग मोडून विरघळतो आणि अळीच्या अंगात आधीपासूनच सुप्त असलेल्या पेशींच्या चकत्यांमधून पंख, पाय, डोळे वाढू लागतात. म्हणजे पानं कुरतडणारी ती जाडजूड अळी पंखांची बीजं अंगात घेऊनच फिरत होती. हे कळल्यावर जादू कमी होते का? आणखी पुढे जाऊ. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देऊन सोबत विजेचा हलका झटका दिला गेला. मोठ्या वयाच्या अळ्या तो वास टाळायला शिकल्या. आणि कोषातून पतंग होऊन बाहेर आल्यावरही तो वास टाळत राहिल्या. सगळी मोडतोड, विरघळणं, नव्याने घडणं पार करून एक आठवण पलीकडे पोहोचली होती. कुठल्या परीकथेत इतकी विलक्षण गोष्ट आहे? शिटेच्या सोंगाचंही तसंच. जपानी संशोधकांनी याच कुळातल्या एका अळीवर काम करून दाखवलं की अंगातलं एक संप्रेरक भरपूर असेतो अळी शिटेच्या वेषात राहते आणि ते ओसरलं की पुढच्या कातीला हिरवी होते. या पुस्तकात हे काही सांगितलेलं नाही आणि सांगूही नये, पण हिरव्या अळीचं पान उलटताना वाचून दाखवणाऱ्याला ते ठाऊक असलं तर त्याच्या आवाजात फरक पडतो, आणि मुलं आवाजातला फरक लगेच ओळखतात.

शेवटच्या फुलपाखराचीही एक गोष्ट आहे. कॉमन मॉर्मनचे नर सगळे सारखे, काळे आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचे. माद्या मात्र वेगवेगळ्या वेषांत असतात. काही नरासारख्या, काही दोन निराळ्या जातींच्या लाल-काळ्या फुलपाखरांसारख्या. त्या लाल-काळ्या जाती विषारी वेलींवर वाढतात, अंगात विष साठवतात, आणि पक्षी त्यांना टाळतात. मादी बिनविषारी असून त्यांचा वेष घेऊन वावरते. इंग्रज निसर्गअभ्यासकांना एका नराच्या इतक्या तऱ्हेच्या बायका पाहून मॉर्मन पंथातली बहुपत्नीत्वाची चाल आठवली आणि त्यांनी ते नाव ठेवलं, असं सांगतात. विनोद जरा पाचकळ आहे, पण नाव चिकटलं. हे सोंग कसं वठतं याचा उलगडा २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केला. पंखांवरचा सगळा वेष एकाच जनुकाच्या ताब्यात आहे, आणि ते जनुक मुळात कीटकाच्या शरीरात नर-मादीची वेगळी लक्षणं घडवण्याच्या कामाचं आहे. आमटीच्या फोडणीसाठी पानं तोडतो त्या झाडावर हे चाललेलं असतं.

नेमकेपणाचा खरा शत्रू जादू नसून तात्पर्य आहे, असं मला अधिकाधिक वाटतं. मराठी मुलांच्या पुस्तकांत प्राणी बहुधा शिकवणीला लावलेले असतात. मुंगी उद्योगी, मधमाशी एकोप्याची, कासव सावकाश पण खात्रीचं. मुंगीकडे पाहायचं ते कामसूपणाचा धडा घ्यायला, म्हणून प्रत्यक्ष मुंगीकडे कुणी पाहत नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या काही वारुळांतल्या एकेका मुंगीला रंगाचे ठिपके लावून, चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा कामकरी मुंग्यांपैकी सुमारे ४० टक्के बहुतेक वेळ काहीच करत नव्हत्या. त्यांनी सगळ्यात कामसू मुंग्या काढून घेतल्या, तर आठवड्याभरात रिकाम्या बसलेल्यांतल्या काही उठून त्यांच्या जागी कामाला लागल्या; म्हणजे ही राखीव फौज होती. पुस्तकातल्या मुंगीपेक्षा ही मुंगी कितीतरी चक्रावून टाकणारी आहे, फक्त तिच्यातून धडा चटकन निघत नाही. चातकाचंही असंच. पावसाच्या थेंबावाचून पाणी न पिणारा व्रतस्थ पक्षी कवींनी निर्माण केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण खरा चातक आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून पावसाच्या आगेमागे आपल्याकडे येतो, सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडी घालून पिलं त्यांच्या गळ्यात मारतो, आणि इतर पक्षी ज्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत ते केसाळ सुरवंट आवडीने खातो. मुलाला यातला कोणता चातक दाखवायचा? दोन्ही दाखवावेत, मात्र एकाला काव्य म्हणावं आणि दुसऱ्याला पक्षी.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप रेचल कार्सनच्या नावाने घेतला जाईल, आणि तो टाळता येणार नाही. ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिणाऱ्या या सागरी जीवशास्त्रज्ञ बाईने १९५६ साली एका मासिकात मुलांमधलं कुतूहल कसं जागवावं यावर लेख लिहिला. तिच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये तो ‘द सेन्स ऑफ वंडर’ या नावाने छायाचित्रांसह पुस्तकरूपात आला. त्यात ती म्हणते की लहान मुलाला घेऊन निसर्गात जाताना जाणणं हे अनुभवण्याच्या निम्म्यानेही महत्त्वाचं नाही. मग नेमकेपणाचा हा आग्रह तिच्या विरोधात जात नाही का? वरवर पाहता जातो. पण कार्सन हे कुणाला सांगत होती ते पाहिलं पाहिजे. मला पक्ष्यांची नावं येत नाहीत, ताऱ्यांतलं कळत नाही, मी मुलाला काय दाखवणार, म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्या पालकांना ती धीर देत होती. नावं येत नसतील तरी चला, पाहा, ऐका, असं तिचं सांगणं. त्या लेखातला लहानगा रॉजर, तिच्या भाचीचा मुलगा, मेन राज्याच्या किनाऱ्यावर रात्रीच्या काळोखात तिच्याबरोबर खेकडे शोधतो, पावसात भिजलेलं शेवाळ हातांनी चाचपतो. हे सगळं तंतोतंत पाहणं आहे. भावनेचा ढगाळ उमाळा त्यात कुठेच नाही. कोणत्या वेळी कोणत्या वाळूत कोणता खेकडा बाहेर येतो हे बाईला पाठ होतं म्हणूनच रॉजरला तो दिसला. कार्सनने माहिती पाठ करून घेण्याला दुय्यम ठरवलं. नीट पाहण्याला कधीच नाही.

दुसरा आक्षेप कल्पनाशक्तीचा. मुलं प्राण्यांशी बोलतात, खेळण्यातल्या अस्वलाला भरवतात, मग पुस्तकातल्या अळीने बोललं तर काय बिघडतं? पंचतंत्रातले कोल्हे आणि माकडं बोलतात तेव्हा काहीच बिघडत नाही, कारण ती कोल्ह्याच्या कातड्यातली माणसं आहेत हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. गोंधळ होतो तो पुस्तक निसर्ग दाखवतो असं म्हणतं आणि प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घालतं तेव्हा. कॅनडातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मुलांना ओळखीच्या नसलेल्या प्राण्यांची चित्रपुस्तकं वाचून दाखवली. काहींत प्राणी प्राण्यांसारखे होते, काहींत माणसासारखे बोलत. बोलक्या प्राण्यांच्या पुस्तकातून मुलांनी खऱ्या गोष्टी कमी उचलल्या, आणि खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवले. तरीही एक कबुली दिली पाहिजे. एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे भुकेल्या अळीचं पुस्तक जगभर पिढ्यान्पिढ्या गाजलं, आणि त्यात अळी केक, लोणचं, सलामी खाते आणि शेवटी रेशमी कोषातून फुलपाखरू बाहेर येतं, जे जीवशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. ते पुस्तक टिकलं, कारण त्याचा कणा खरा आहे: इवलंसं अंडं, न शमणारी भूक, थांबणं, पालटणं. पानांना पाडलेली ती छिद्रं म्हणजे कुरतडण्याचं सगळ्यात नेमकं चित्र आहे. चुकीमुळे पुस्तक मोठं झालं असं कुणीही म्हणू नये.

त्या चुकीवरून मराठीबद्दलही बोलण्यासारखं आहे. आपण रेशमाच्या किड्याच्या वेष्टनाला कोष म्हणतो आणि फुलपाखराच्या त्या हिरव्या टांगत्या अवस्थेलाही कोष म्हणतो, त्यामुळे कार्ल यांची चूक मराठीत आपोआप लपते. खरं तर विणलेल्या वेष्टनाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, कोसला; पण तो आता उच्चारला की लोकांना भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी आठवते, किडा नाही. या पुस्तकातली अळी कोसला विणत नाही. ती रेशमाचा एक बारीक पट्टा तेवढा कमरेभोवती घेऊन फांदीला टेकते, शेवटची कात टाकते, आणि त्या कातीखाली कोष तयारच असतो. हे चित्र नऊ छोट्या चौकटींत दाखवलं आहे आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत कष्टाचं काम आहे. तसाच दुसरा गोंधळ सुरवंटाचा. सुरवंटाचं फुलपाखरू झालं असं आपण बिनदिक्कत म्हणतो. पण अंगावर केस असलेल्या सुरवंटाचा बहुधा पतंग होतो, आणि कढीपत्त्यावरची ही नितळ अंगाची ती अळी. लेखिकेने संपूर्ण पुस्तकात सुरवंट हा शब्द एकदाही वापरलेला नाही. हा शब्दच्छल वाटेल, पण फरक असलेल्या दोन गोष्टींना दोन शब्द मिळाले की मूल त्या दोन्ही गोष्टी शोधायला लागतं.

नाव कळलं की शोध संपतो, हीसुद्धा एक लोकप्रिय समजूत आहे. सालीम अली यांच्या बाबतीत उलट झालं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती नेहमीची चिमणी नव्हती, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी नाव सांगितलंच, आणि मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. नाव हे तिथे पहिल्या खणाचं हँडल होतं. मुलांची नावं पेलण्याची ताकद आपण फार कमी लेखतो. २००२ साली ब्रिटनमध्ये १०९ प्राथमिक शाळकरी मुलांना दोन प्रकारची चित्रं दाखवली गेली: तिथले वन्य जीव आणि पोकेमॉन या खेळातले काल्पनिक प्राणी. चार वर्षांच्या मुलांना ३२ टक्के वन्य जीव ओळखता आले, पोकेमॉन फक्त ७ टक्के. आठ वर्षांच्या मुलांना वन्य जीव ५३ टक्के, आणि पोकेमॉन ७८ टक्के. याचा अर्थ मुलांची बुद्धी बिघडली असा लावणारे पुष्कळ आहेत. मला त्यात दिसतं ते एवढंच, की बारीक फरकाची, नावागावाची, कशातून काय होतं याची शेकडो चित्रं आठ वर्षांचं मूल हसतखेळत लक्षात ठेवतं. आणि पोकेमॉनचं मुख्य आकर्षण तर रूपांतर हेच आहे. मोठ्यांनी वाट्याला दिलं ते त्यांनी शिकून घेतलं.

मग असं पुस्तक शहरी, कुंडीतल्या निसर्गापुरतं नाही का? ज्या मुलाच्या दाराशी रान आहे त्याला कढीपत्त्यावरची अळी चित्रात कशाला दाखवायची? या प्रश्नाचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात सापडतं. बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जी बालशिक्षणाची वाट पाडली तिच्यात शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं होती, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. जे मुलाला आधीच ठाऊक आहे त्याला शाळेत प्रतिष्ठा द्यायची, हा त्यामागचा विचार. छापील पुस्तक हेच करतं. रानातल्या मुलाला अळी माहीत असते, पण ती पुस्तकात यायच्या लायकीची आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शहरातल्या मुलाची अडचण निराळी. त्याच्या घरी झाडावर पानं कुरतडलेली दिसली की औषधाचा फवारा मारला जातो. एकाला पुस्तक मान देतं, दुसऱ्याला फवारा मारण्याआधी जरा थांबवतं. पडद्यावर अर्ध्या मिनिटात कोष फुटताना दिसतो, तेव्हा पुस्तकाची गरज काय, असंही कुणी विचारेल. अर्ध्या मिनिटात फुटतो म्हणूनच. चित्र थांबतं आणि मुलाला मागचं पान पुन्हा पाहू देतं.

एका पानाबद्दल मात्र तक्रारी येतील आणि त्या येण्याआधीच बोललेलं बरं. पुस्तकाच्या मध्यावर दोन पानांचं चित्र आहे: शेजारच्या फांदीवर दुसरी अळी आहे, तिच्या अंगात एका इवल्या गांधीलमाशीने अंडी घातलेली आहेत, आणि पुढच्या चित्रात त्या अळीच्या कोषाला बारीक भोकं पडून त्यातून फुलपाखराऐवजी माश्या बाहेर येत आहेत. हे पान काढावं, मुलं घाबरतील, असा सल्ला दिला जाईल. अशा माश्यांनी डार्विनलाही छळलं होतं. १८६० साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की दयाळू ईश्वराने हा जीव मुद्दाम घडवला असेल हे त्याला पटत नाही. प्रश्न डार्विनला पेलला नाही तो चार वर्षांच्या मुलापुढे का ठेवायचा? कारण बहुतेक अंड्यांचं फुलपाखरू होतच नाही, हे या गोष्टीतलं निम्मं सत्य आहे, आणि ते गाळलं तर उरतं ते शुभेच्छापत्र. शिवाय मूल या पानावर कितपत घाबरेल याबद्दल मला शंका आहे. अळीचा घास घेणारी आणि स्वतःच्या पिलांना वाढवणारी माशी त्याला भयंकर वाटेल, तशीच हुशारही वाटेल, आणि ते बहुधा विचारेल की माशीला अळी सापडली कशी, ती तर शिटेसारखी दिसत होती ना? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. मोठ्यांनी तिथे घाईघाईने काहीतरी जुळवून सांगू नये. ठाऊक नाही म्हणून सांगावं आणि झाडाकडे जावं.

झाडाकडे जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. कढीपत्ता नसेल तर लिंबाचं किंवा बेलाचं झाड चालतं. अंडं फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान, कोवळ्या पानावर एकटंच असतं. अळी बाटलीत भरण्याची गरज नाही. कोष हिरवा असतो किंवा तपकिरी, आणि पहिल्यांदा तो सापडायला वेळ लागतो. तो काळपट पडून त्याच्या पातळ भिंतीतून पंखांवरचे पांढरे ठिपके दिसू लागले, की फुलपाखरू बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतं. त्या दिवशी शाळेला उशीर होईल, हे धरून चालावं.